शहराचा कर कोण ठरवतो?

(गंगापूर रोड, नाशिक येथील प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



तुम्ही आता वाचू लागला आहात. दुकानाची पाटी वाचता. बसवरचे गावाचे नाव वाचता. आज आपण एक कागद वाचायला शिकू. तो कागद वर्षातून एकदा घरी येतो आणि बहुतेक घरी फळीवर नाहीतर पेटीत जाऊन पडतो. तो कागद म्हणजे घरपट्टीचे बिल.

कोणी म्हणेल, "गुरुजी, त्यात वाचायचे काय? आकडा असतो. भरायचा."

पण मंडळी, तो आकडा आभाळातून पडत नाही. माणसेच तो ठरवतात. ती ठरवण्याची पद्धत कायद्यात लिहिलेली आहे, तारखाही लिहिलेल्या आहेत. ज्याला पद्धत ठाऊक, तो वेळेवर बोलतो. ज्याला ठाऊक नाही, तो एप्रिलात कपाळाला हात लावून बसतो.

गाव शहरात आले

पूर्वी नाशिकला नगरपालिका होती. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी महानगरपालिका झाली. नाशिक, सातपूर, नाशिकरोड आणि आजूबाजूची बरीच गावे एका कारभाराखाली आली. आपल्या गंगापूर रोडवरची आनंदवल्ली आणि गंगापूर ही गावे त्यांतलीच. तिथे आधी ग्रामपंचायत होती. सरपंच ओळखीचा, ग्रामसेवक ओळखीचा. कर वाढला तर पारावर बसून विचारता येत होते, "काय हो, यंदा पट्टी का वाढली?"

शहर मोठे झाले. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची वस्ती १४ लाख ८६ हजार होती. एवढ्या माणसांना पारावर बसता येत नाही. म्हणून लोकांनी निवडलेले नगरसेवक असतात. २०१७ च्या निवडणुकीत नाशिकला १२२ जागा होत्या. कायद्याने त्यांतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. सगळ्या नगरसेवकांची मिळून महासभा होते. त्यांतल्या १६ जणांची स्थायी समिती असते. पैशाचे व्यवहार तिच्या हातून जातात. आणि रोजचा कारभार पाहण्यासाठी सरकारने नेमलेला आयुक्त असतो.

महासभा, स्थायी समिती आणि आयुक्त. ही तीन नावे ध्यानात ठेवा. कराचा आकडा या तिघांच्या हातांतून तयार होतो.

घरपट्टीचे दोन आकडे

आता बिलाकडे वळू. घरपट्टी दोन आकड्यांच्या गुणाकाराने निघते. पहिला आकडा म्हणजे घराची किंमत. दुसरा आकडा म्हणजे कराचा दर.

इथे घराची किंमत म्हणजे विकण्याची किंमत नव्हे बरं का. हे घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल, ते धरतात. त्यातून दुरुस्तीसाठी शेकडा १० वजा करतात. उरते त्याला करयोग्य मूल्य म्हणतात. शब्द मोठा आहे, पण अर्थ साधा आहे. ज्या रकमेवर कर बसतो ती रक्कम.

एक हिशेब करू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

समजा, एका घराचे महिन्याचे भाडे १,००० रुपये धरले. वर्षाचे झाले १२,०००. शेकडा १० म्हणजे १,२०० वजा केले. उरले १०,८००. हे करयोग्य मूल्य. आता सगळे कर मिळून दर शेकडा ३० आहे असे समजा. घरपट्टी झाली ३,२४० रुपये.

आता दर शेकडा ३० चा ३३ केला. घरपट्टी झाली ३,५६४ रुपये. म्हणजे ३२४ रुपये वाढले.

आणि समजा, दराला हातच लावला नाही. ३० चे ३० ठेवले. पण घराचे भाडे महिन्याला १,००० ऐवजी २,००० धरले. मग घरपट्टी झाली ६,४८० रुपये. दुप्पट!

पाहा मंडळी. दर वाढला नाही असे म्हणणारा खरे बोलतो आणि कर दुप्पट झाला असे म्हणणाराही खरे बोलतो. म्हणून बिल हातात आले की नुसता शेवटचा आकडा पाहू नका. करयोग्य मूल्य किती लिहिले आहे ते पाहा. मागच्या वर्षीचे बिल शेजारी ठेवा. मूल्य बदलले की दर बदलला, हे आधी शोधा.

कारण या दोन आकड्यांचे धनी वेगवेगळे आहेत. दर ठरवते महासभा. पुढच्या वर्षाचे दर तिने २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावेत असे कायद्यात आहे. घराचे मूल्य ठरवते आयुक्तांचे कार्यालय. दाराशी येऊन मोजमाप घेतात ती त्यांचीच माणसे. तक्रार दराची असेल तर नगरसेवकाकडे जायचे. तक्रार मूल्याची असेल तर करवसुली कार्यालयात अर्ज द्यायचा. चुकीच्या दारात उभे राहिले तर दिवसभर उभे राहूनही काम होत नाही.

२०१८ सालची गोष्ट

हे नुसते पुस्तकातले नाही. आपल्या नाशिकमध्येच घडले आहे.

२०१८ च्या फेब्रुवारीत तुकाराम मुंढे नाशिकचे आयुक्त झाले. त्यांनी १ एप्रिल २०१८ पासून नव्या इमारती आणि मोकळ्या जमिनी यांचे मूल्य धरण्याचे आकडे अनेक पटींनी वाढवले. शहराच्या हद्दीत अजून पुष्कळ शेती होती. मळ्यात द्राक्षे, भाजीपाला उभा. त्या शेतकऱ्यांना धसका बसला. पीक विकून जेवढे येते तेवढे करातच जाईल, असे ते म्हणू लागले. गावोगावी बैठका झाल्या. मोर्चे निघाले.

महासभा म्हणाली, "कर लावणे हे आमचे काम. आम्हांला न विचारता वाढ कशी झाली?" आयुक्तांची बाजू अशी होती की मूल्य ठरवणे कायद्याने माझ्याकडे आहे. वर्षानुवर्षे ते वाढवलेले नाही. शहराला पैसा हवा, तर तो कुठून आणायचा?

वाद पेटला. ऑगस्टमध्ये आयुक्तांवर अविश्वासाचा ठराव आला. आयुक्तांनी वाढ काही प्रमाणात कमी केली. ठराव मतास न येताच मागे घेतला गेला. नोव्हेंबर २०१८ मध्ये आयुक्तांची बदली झाली.

यात कोण बरोबर आणि कोण चूक, याचा निवाडा मी करत नाही. मला दोन गोष्टी दाखवायच्या आहेत. एक म्हणजे, दराला हात न लावताही कर वाढू शकतो. आणि दुसरी म्हणजे, लोक एकत्र आले आणि मुद्दा धरून बोलले, तर त्याचा परिणाम होतो. गाव करी ते राव न करी, ही म्हण शहरातही लागू पडते.

पण मुंढे यांचा प्रश्न मात्र विसरू नका. पैसा आणायचा कुठून? कर नको आणि पाणी, रस्ता, दिवा मात्र हवा, असे म्हणून चालत नाही. याचा विचार केला नाही तर आपले बोलणे अर्धेच राहते.

पैसा येतो कुठून?

पूर्वी शहराचा मोठा आधार जकात होता. शहराच्या वेशीवर नाके असत. माल आत आणायचा तर नाक्यावर पैसे मोजायचे. नाशिकची जकात २०१३ साली गेली आणि तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. १ जुलै २०१७ पासून देशभर वस्तू व सेवा कर सुरू झाला. त्यालाच जीएसटी म्हणतात. मग तो स्थानिक करही गेला. त्याची भरपाई म्हणून राज्य सरकार महापालिकेला दरमहा रक्कम देते. आज नाशिकच्या जमेत ही रक्कम सर्वांत मोठी आहे. त्यानंतर घरपट्टी, पाणीपट्टी, बांधकाम परवान्याचे शुल्क, भाडी वगैरे येते.

आता गिरणारे, दुगाव या बाजूने येणारा शेतकरी म्हणेल, "माझे शहरात घर नाही. माझा काय संबंध?" संबंध आहे. तुम्ही साबण घेता, चप्पल घेता, मोटारसायकलचा टायर घेता. त्यावर जीएसटी भरता. सरकारच्या तिजोरीत तुमचाही पैसा आहे आणि शहराला मिळणाऱ्या रकमेत त्याचाही अंश आहे. कर फक्त घरवाला भरतो, हा समज खरा नाही.

आणखी एक. सरकारकडून येणाऱ्या रकमेवर शहराची सत्ता नाही. ती किती यायची हे मुंबईत ठरते. घरपट्टीवर मात्र शहराची सत्ता आहे. म्हणून पैसा कमी पडला की प्रत्येक आयुक्ताची नजर घरपट्टीकडे जाते.

पैसा जातो कुठे?

दुसऱ्या बाजूला खर्च. २०२५-२६ सालचे महापालिकेचे अंदाजपत्रक सुमारे ३ हजार कोटी रुपयांचे होते. आकडा ऐकून डोळे फिरतात. पण खर्चाची यादीही तशीच लांब आहे.

आधी पगार आणि निवृत्तिवेतन. झाडूवाले, पाणी सोडणारे, परिचारिका, शिक्षक, अग्निशमन दलाचे जवान. यांचे पैसे थांबवता येत नाहीत. मग पाणी. गंगापूर धरण १९६५ साली पुरे झाले. आज शहर त्या पाण्यावर जगते. जोडीला दारणा आणि मुकणे ही धरणे आहेत. धरणातले पाणी आपोआप नळात येत नाही. ते उचलावे लागते, शुद्ध करावे लागते, टाक्यांत चढवावे लागते. त्याला वीज लागते आणि विजेचे बिल दरमहा येते. मग रस्त्यावरचे दिवे, कचरा, गटारे, दवाखाने, शाळा.

शहर बसचे उदाहरण घ्या. जुलै २०२१ पासून महापालिका सिटीलिंक बस चालवते. ती शहराबाहेर, त्र्यंबकेश्वरलाही जाते. तिकिटाच्या पैशांत तिचा खर्च निघत नाही. उरलेला खर्च महापालिका भरते. मग कोणी म्हणेल, शहराच्या करातून बाहेरगावच्या माणसाचा प्रवास का? दुसरा म्हणेल, तोच माणूस रोज सकाळी शहराला भाजी आणि दूध पोचवतो, शहराची घरे बांधतो. दोन्ही म्हणणी ऐकण्यासारखी आहेत. अंदाजपत्रक म्हणजे अशा शेकडो प्रश्नांची उत्तरे. फक्त ती आकड्यांत लिहिलेली असतात.

खर्चाचे दोन भाग असतात. एक रोजचा खर्च, म्हणजे पगार, वीज, औषधे, दुरुस्ती. दुसरा टिकाऊ कामांचा खर्च, म्हणजे नवा रस्ता, नवी टाकी, नवा दवाखाना. रोजचा खर्च आधी भागवावा लागतो. उरेल त्यातून टिकाऊ कामे. आपल्या घरी असेच नाही का? आधी किराणा आणि मुलांची फी, मग उरले तर नवे छप्पर.

शिवाय महापालिकेच्या डोक्यावर जुने देणे असते. मागच्या वर्षी कामे दिली, त्यांची बिले यंदा येतात. म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. अंदाजपत्रकात कामाचे नाव आले म्हणजे काम झाले असे नाही. अंदाजपत्रक हा अंदाज आहे. जमा कमी आली की कामे मागे पडतात. मागे पडायचे कोणते, हे तेव्हा ठरते. जे विचारत राहतात त्यांचे काम टिकते. जे गप्प बसतात त्यांचे काम पुढच्या वर्षावर जाते.

आधी काय, मागून काय?

अंदाजपत्रक तयार करतात आयुक्त. ते जाते स्थायी समितीकडे. समिती त्यात फेरफार करते आणि महासभेपुढे ठेवते. महासभेने ते ३१ मार्चपर्यंत मंजूर करायचे असते. खर्च जमेपेक्षा जास्त दाखवता येत नाही. वर्षाअखेर थोडी शिल्लक दाखवावीच लागते. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे इथे कायद्यातच आहे.

कोणते काम आधी घ्यावे, याला काही कसोटी हवी. मुंढे यांनी २०१८ साली तीन कसोट्या लावल्या होत्या. कामाची गरज आहे का? ते काम नीट होऊ शकेल का? त्यासाठी पैसा आहे का? या तीन प्रश्नांत न बसणारी कामे त्यांनी बाजूला काढली. त्यावरूनही वाद झाले. पण हे तीन प्रश्न सामान्य माणसालाही विचारता येतात. पुढच्या वेळी कोणी म्हणाले, "चौकात कमान बांधू," तर तुम्ही विचारा, "गरज आहे का?"

आपल्याकडे असा प्रश्न फार पूर्वी एका थोर माणसाने विचारला होता. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुण्याच्या नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याची सूचना आली. जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. सभेत ते एकटे पडले. ठराव होऊन गेला. पण दीडशे वर्षे होत आली, तरी तो प्रश्न लोकांच्या ध्यानात आहे.

पुण्यात आणखी एक गोष्ट झाली. २००६-०७ पासून तिथे साध्या नागरिकालाही अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातले छोटे काम सुचवता येऊ लागले. अर्ज भरायचा आणि लिहायचे, आमच्या गल्लीत दिवा हवा, बसथांब्यावर बाक हवे. दूर ब्राझील देशात पोर्तो आलेग्री नावाचे शहर आहे. तिथे १९८९ पासून वस्त्यांमधले लोक सभा घेऊन खर्चाचा क्रम ठरवू लागले. त्यांत मजूर होते, घरकाम करणाऱ्या बायका होत्या. अंदाजपत्रक फक्त शिकल्यासवरल्यांचे काम आहे, हे त्यांनी खोटे ठरवले.

आपल्या नाशिकमध्ये २०२२ च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली. निवडणूक लांबली आणि प्रशासक आला. महासभेचे आणि स्थायी समितीचे अधिकारही एकाच अधिकाऱ्याच्या हाती गेले. तोच मांडणार आणि तोच मंजूर करणार. जवळजवळ चार वर्षे असे चालले. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. आता पुन्हा विचारायला माणूस आहे. मत दिले म्हणजे काम संपले असे समजू नका. मत दिले म्हणजे विचारण्याचा हक्क आला. २०२७ साली सिंहस्थ कुंभमेळा आहे. घाट, रस्ते, पाणी, स्वच्छता, सगळ्यांना पैसा लागणार. अशा वेळी वस्तीतला छोटा दिवा आणि छोटे गटार मागे पडू नये, म्हणून जागे राहिले पाहिजे.

आपण काय करायचे?

आता कामाचे सांगतो. हे घरी भिंतीवर लिहून ठेवा.

पहिले. घराचे मूल्य वाढवल्याची नोटीस आली तर ती फेकू नका. तीत हरकत घेण्याची मुदत लिहिलेली असते. त्या मुदतीत लेखी हरकत द्या. घराचे माप, बांधकामाचे वर्ष, मागचे बिल जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मुदत गेली की खरी तक्रारही कोणी ऐकत नाही. सुनावणीनंतरही पटले नाही तर न्यायालयात अपील करता येते. पण त्यासाठी मागितलेली रक्कम आधी भरावी लागते.

दुसरे. दराबद्दल बोलायचे तर जानेवारीत बोला. २० फेब्रुवारीनंतर बोलणे म्हणजे वरातीमागून घोडे.

तिसरे. वस्तीचे काम हवे असेल तर डिसेंबर-जानेवारीतच नगरसेवकाला लेखी द्या. एकट्याने नव्हे. दहा घरांच्या सह्या घ्या. आता अंगठ्याची गरज नाही, सही करा. एका अर्जात दहा कामे लिहू नका. एकच काम लिहा, जे सर्वांत निकडीचे असेल ते.

चौथे. ३१ मार्चनंतर विचारा, आमचे काम अंदाजपत्रकात आले का? किती रक्कम धरली? उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराचा २००५ सालचा कायदा आहे. अर्जाला १० रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाहीत. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

पाचवे. कर वेळेवर भरा. थकलेल्या रकमेवर महिन्याला शेकडा २ दंड चढतो. म्हणजे वर्षाला शेकडा २४. सावकार बरा म्हणायची पाळी येते! हरकत असेल तरी तिच्या नावाखाली सगळेच बिल थकवू नका. पावती जपून ठेवा. पावतीवर आपलेच नाव, आपलाच घर क्रमांक आहे ना, हे स्वतः वाचा. दुसऱ्याकडून वाचून घेण्याचे दिवस गेले.

मंडळी, ग्रामपंचायतीच्या हद्दीत राहणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे. तुमच्याकडे ग्रामसभा आहे. तिथे पट्टीचा आणि खर्चाचा हिशेब मागता येतो. शहरवाल्यांना जे कागद लिहून मागावे लागते, ते तुम्हांला उभे राहून विचारता येते. ती सोय वाया घालवू नका.

कर देणे हे कर्तव्य आहे. हिशेब विचारणे हेही तेवढेच कर्तव्य आहे. पहिले काम आपले आईबाप निरक्षर असूनही करत आले. दुसरे काम त्यांना जमले नाही, कारण कागद वाचता येत नव्हता. तुम्हांला येतो.

पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या घराचे बिल आणावे. ज्यांचे घर गावात आहे त्यांनी ग्रामपंचायतीची पावती आणावी. आपण एकेक रकाना मोठ्याने वाचू आणि हिशेब करून पाहू.